उललेल्या हातांचा मध

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो ठरलेला. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे उठून बागेत धूर करतात, ठिबक चालू करतात. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. थंडी म्हटलं की मला द्राक्षाच्या मण्यांआधी हात आठवतात. पेरांवर आडव्या चिरा, तळव्याच्या रेषांत बसलेला काळपटपणा, आणि भांडी घासताना चिरेत साबण गेला की तोंडून निघणारं "स्स". गाल उलतात, ओठ उलतात, टाचा तर संक्रांतीपर्यंत पार फाटतात. घरातली बाई असो की शेतावरचा गडी, या दिवसांत सगळ्यांचेच हात उललेले.

मी फार्मसी शिकले आणि बरीच वर्षं नाशिकला एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. थंडी पडली की मधाची विचारणा वाढते. मध घातलेला फेसवॉश, मधाचं क्रीम, मध-लिंबाचा फेसपॅक. विचारणारीचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, याने चेहरा उजळतो का?" मी आहे ते सांगते. मधाने रंग उजळत नाही. आपल्या कातडीत रंगद्रव्य किती तयार व्हावं हे मध ठरवत नाही, आणि आपल्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण मध जी कामं खरोखर करतो ती फार मोलाची आहेत. सुकलेल्या कातडीत तो ओल धरून ठेवतो, जंतूंना थारा देत नाही, चिरलेली कातडी भरून यायला मदत करतो. म्हणूनच मला मनापासून वाटतं की मधाची खरी गरज उललेल्या हातांना आहे. जाहिराती मात्र तो सगळा चेहऱ्यावरच ओततात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका मावशीकडून ऐकलं होतं. आमच्या बागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या यायच्या. दिवाळीच्या आगेमागे येत, मळ्यातच चूल मांडत. त्यांच्यातली एक वयस्कर मावशी येताना जंगलातला मध घेऊन यायची, बाटलीला कापडाचा बोळा लावलेला. काळपट, किंचित कडवट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तिच्याकडून घेतलेला मध चेहऱ्याला लावून ओट्यावर बसले होते. ती पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंडाला कशाला गं पोरी, तोंड चांगलंय तुझं. हाताला लाव." आणि स्वतःचे हात पुढे केले. दिवसभर कात्री चालवून अंगठ्याच्या बेचक्यात फोड फुटला होता, त्यावर मध लावून तिने चिंधी बांधली होती.

आता थोडं मधाच्या पोटात शिरू. मधात साधारण ऐंशी टक्के साखरा असतात. फ्रुक्टोज सर्वांत जास्त, त्याखालोखाल ग्लुकोज. पाणी जेमतेम 17 ते 20 टक्के. इतक्या साखरेला एवढं पाणी पुरत नाही, म्हणून मध मिळेल तिथून पाणी ओढतो. पावसाळ्यात झाकण नीट न लावलेल्या बरणीतला मध वरच्या वर पातळ होतो तो हवेतली ओल पिऊनच. जंतूंनाही जगायला पाणी लागतं, ते मध त्यांना मिळू देत नाही. शिवाय मध आंबट असतो. गोडीमुळे जिभेला ते जाणवत नाही, पण त्याचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण चारच्या आसपास येतो. निरोगी कातडीही किंचित आम्लधर्मीच असते, पाचच्या आगेमागे. आपला अंगाचा किंवा भांड्यांचा साबण मात्र नऊ-दहापर्यंत जातो. दिवसभर साबणात हात असणाऱ्या बाईची कातडी रोज तिच्या स्वभावाविरुद्ध ओढली जाते, आणि ती उलण्याचं निम्मं कारण थंडी असलं तर निम्मं हे.

आणखी एक गोष्ट मला दर वेळी नवलाची वाटते. फुलातला रस पोळ्यात आणताना माशी त्यात स्वतःच्या ग्रंथींतलं एक विकर (एन्झाइम) मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज. घट्ट मधात ते जवळजवळ झोपलेलं असतं. मधात थोडं पाणी मिसळलं की जागं होतं, ग्लुकोजपासून आम्ल बनवतं आणि त्यासोबत थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. मेडिकलमध्ये जखम धुवायला जे मिळतं तेच हे, पण फार सौम्य आणि हळूहळू सुटणारं. म्हणजे कातडीवर लावायचा मध किंचित ओला असलेला बरा.

माझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिची पद्धत यात चपखल बसते. रात्रीची भांडी उरकली की ती बंबातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. मग हात निथळू द्यायची, पुसायची नाही. चमच्याच्या टोकावर राहील एवढा मध तळव्यावर घ्यायची आणि दोन्ही हात एकमेकांवर फिरवायची. सुरुवातीला बोटं चिकटतात, ओढून सोडवावी लागतात. मग तळव्यावरचं पाणी मधात मिसळत जातं तसा तो सैल पडतो आणि हात सरकायला लागतात. तेवढ्यात पेरांवरच्या चिरा, नखांच्या कडा, अंगठ्याचं बेचकं सगळीकडे तो पोचलेला असतो. ताज्या चिरेत थोडं झोंबतं, मग थांबतं. पंधरा मिनिटं हात मांडीवर उताणे ठेवून गप्पा. नंतर साबण न लावता कोमट पाण्याने धुवायचं आणि हात ओलसर असतानाच वरून कढवलेलं तूप, अगदी बोटाला लागेल एवढंच.

हे शेवटचं तूप आमच्या हवेत सोडून चालत नाही. मध पाणी ओढतो, तयार करत नाही. दमट हवेत तो हवेतून ओल घेईल. पण जानेवारीतल्या नाशिकच्या कोरड्या हवेत घ्यायला ओलच नसते. तेव्हा कोरड्या कातडीवर नुसता मध लावला तर ओल आतल्या थरातून वर येऊन उडून जाऊ शकते. धुतल्यानंतर हात ताणल्यासारखे वाटतात, त्याचं एक कारण हे असू शकतं. म्हणून आधी पाणी, मग मध, मग स्निग्ध काहीतरी. तूप नसेल तर खोबरेल चालतं, पेट्रोलियम जेली चालते. टाचांसाठी मधमाशीचं मेण तेलात मंद आचेवर विरघळवून केलेलं मलम सर्वांत टिकाऊ. मेण कातडीवर पातळ थर धरतं आणि आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. त्या मलमात मध घालायच्या भानगडीत पडू नये, तेल आणि मध वेगळे होतात. मध आधी लावून धुवावा, मलम नंतर.

जखमेवर मध लावणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या 45व्या अध्यायात मधाचे आठ प्रकार सांगितलेत आणि गुणांमध्ये शोधन, रोपण, संधान आलेत: जखम स्वच्छ करणं, भरून आणणं, सांधणं. तिथे 'वर्ण्य', म्हणजे कांती सुधारणारा, हेही आहे, आणि मध विकणारे तेवढंच उचलून गोरेपणाशी जोडतात. सुश्रुत शल्यचिकित्सेची परंपरा सांगतो, त्याच्यापुढे तुटलेली, भाजलेली, पिकलेली कातडी होती. मला त्या यादीतलं रोपण जास्त खरं वाटतं, कारण आजच्या चाचण्याही त्याच बाजूने बोलतात. 2015 साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जखमांवरच्या मधाच्या 26 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. वरवरच्या, म्हणजे कातडीचा सगळा थर न जळलेल्या भाजण्यात मधाची पट्टी लावलेल्या जखमा नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरल्या. पायावरच्या शिरांच्या जुनाट व्रणांत मात्र असा फायदा स्पष्ट दिसला नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच ठळकपणे सांगायला हव्यात.

आणि हेही सांगायला हवं की रुग्णालयात जखमेवर वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या फडताळातला तसा नसतो. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. म्हणून उललेला हात, फुटलेले ओठ, सोलवटलेलं कोपर इथपर्यंत घरचा मध ठीक. खोल जखम, टाके, मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांना तो लावू नये, डॉक्टरकडे जावं. चुलीवर, तव्यावर भाजलं तर पहिलं औषध नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं. मध, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीही त्या वीस मिनिटांच्या आधी नको. आणि बीजाणूंच्याच कारणाने एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. घरातल्या मोठ्यांना हे सांगणं जड जातं, सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची आपली रीत आहे. पण लहान बाळाच्या आतड्यात ते बीजाणू रुजून विष तयार होऊ शकतं, म्हणून मी काउंटरवर हे कुणाचीही भीड न धरता सांगते.

आमच्या भागात आणखी एक भाजणं आहे, त्याबद्दल न लिहून चालणार नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, पेस्ट लावतात, सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडी जाळतं. हातमोजे फाटके असले, किंवा उकडतं म्हणून काढून ठेवले, की बोटांची साल निघते. टोळीतल्या बाया संध्याकाळी दुकानात येऊन हात दाखवतात आणि विचारतात, मध लावू का, हळद लावू का. त्यांना मी सांगते: आधी भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, कपडे बदला, आणि दवाखान्यात जा. रसायनाने जळलेल्या कातडीवर घरगुती लेप नकोच. त्या दिवसांत दारूला तोंडही लावू नये, कारण हे रसायन दारू पचवणारी शरीरातली व्यवस्था अडवतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. पेस्टच्या हंगामात मजुराला चांगले रबरी हातमोजे घेऊन देणं हे बागायतदाराचं काम आहे, आणि त्याची जागा जगातला कुठलाही मध घेऊ शकणार नाही. कातडी पूर्ण भरून आली, नुसता कोरडेपणा उरला, की मग मध-तूप खुशाल.

मुरुमांचं काय, हे मुली विचारतातच. मधाच्या जंतुनाशक गुणावरून तो मुरुमांवर चालेल असं वाटणं साहजिक आहे. न्यूझीलंडमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 136 लोकांना घेऊन हे तपासलं गेलं. जंतुनाशक साबणाच्या जोडीला तिथला कानुका मध लावला, तर नुसत्या साबणापेक्षा काही जास्त फरक पडला नाही. त्यामुळे मुरुमांसाठी मधावर विसंबू नये. याउलट डोक्यातल्या खाज-कोंड्याला तो करून बघण्यासारखा आहे. 2001 सालच्या एका अभ्यासात सेबोऱ्हिक डर्माटायटिस असलेल्या 30 जणांना मधात थोडं कोमट पाणी मिसळून एक दिवसाआड डोक्याला चोळायला सांगितलं होतं, दोन-तीन मिनिटं चोळायचं, तीन तास ठेवायचं, मग धुवायचं. आठवड्याभरात खाज आणि पापुद्रे गेले. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनच मी तो सांगते. पण करायला सोपं आहे, आणि माझ्या वहिनीला त्याने आराम पडलेला मी पाहिलाय.

लिंबू मात्र नको. मोबाइलवरच्या प्रत्येक मधाच्या कृतीत लिंबू असतं. लिंबाचा सामू दोनच्या जवळ, आधीच उललेल्या कातडीला तो आणखी जाळतो, आणि लिंबू लागलेली कातडी उन्हात गेली की काळे डाग उठतात. आपलं मार्चचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दालचिनीची पूड, खायचा सोडा, जाड साखर हेही चेहऱ्यापासून दूर ठेवावं. ज्यांना परागकणांची किंवा मधमाशीच्या कुठल्याही पदार्थाची ॲलर्जी आहे त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून एक दिवस वाट बघावी.

हे सगळं मध खरा असेल तर. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या 13 ब्रँडचा मध तपासून घेतला, त्यातले बहुतेक एनएमआर नावाच्या प्रगत चाचणीत टिकले नाहीत. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. पण तांदळापासून बनवलेला साखरेचा पाक नेहमीच्या चाचण्यांना चकवतो, हे तेव्हा सर्वांपुढे आलं. मग आपल्या घरगुती परीक्षा काय टिकणार? पाण्यात थेंब टाकणं, काडी बुडवून पेटवणं, कागदावर ठिपका बघणं, यातलं काहीही आजच्या भेसळीपुढे चालत नाही. मध बसला, म्हणजे दाणेदार झाला, की तो साखरेचा, हा समज तर उलटाच नुकसान करतो. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो थंडीत बसणारच. पाक कातडीवर ओल धरेल, पण त्यात माशीचं विकर कुठून येणार? खऱ्या मधातलंही ते उष्णतेने मरतं. आयुर्वेद मध तापवू नको म्हणतो, त्याची कारणं वेगळी असतील, पण हातावर लावायच्या मधाला तो नियम तंतोतंत लागू पडतो. बसलेली बाटली गॅसवर ठेवू नये, हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात उभी करावी.

मी मध घेते तो मधपाळाकडून, आणि त्याची वेळ आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत येते. चांदवड, येवला, निफाड, सटाणा या भागात तेव्हा कांद्याचे डोंगळे फुलतात. उळ्यासाठी, म्हणजे कांद्याच्या बियांसाठी, राखलेलं ते पीक, हिरव्या पोकळ दांड्यावर पांढरा गोळा, आणि एकेका गोळ्यात शेकडो बारकी फुलं. कांद्याच्या फुलातला पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून फुलाचं स्वतःचं स्वतःवर भागत नाही, माशी लागतेच. पण कांद्याच्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माश्यांना तो फारसा आवडत नाही, जवळ दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडेच वळतात. म्हणून शेतकरी पैसे मोजून मधपेट्या आणून बांधावर ठेवतात. डोंगळ्याच्या मधाला सुरुवातीला कांद्याचा वास येतो, काही महिन्यांत तो उतरतो. खाणाऱ्याला तो वास नकोसा वाटतो म्हणून हा मध कधी कधी स्वस्तात मिळतो. हाताला लावायला त्याने काही बिघडत नाही.

मधपाळाशी बोलताना मी दोनच गोष्टी विचारते. चौकटीतली घरं माश्यांनी मेणाने बंद केल्यावर मध काढला का, आणि तो तापवला का. माश्या घर बंद करतात ते आतलं पाणी पुरेसं उडाल्यावरच, त्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि आंबतो. बहुतेक मधपाळ या प्रश्नांनी खुलतात, मधयंत्रात चौकट फिरवून दाखवतात. आणि मग त्यांचं गाऱ्हाणं सुरू होतं, जे दर वर्षी तेच आहे: फुलोऱ्यात, भर दुपारी, कुणीतरी शेजारच्या शिवारात कीटकनाशक मारलं आणि पेटीपुढे माश्यांचा सडा पडला. उळं कमी भरतं ते वेगळंच. फवारणी करायचीच असेल तर ती सूर्य मावळताना करावी, माश्या पेटीत परतल्यावर, आणि आदल्या दिवशी मधपाळाला फोन करावा म्हणजे तो पेट्यांची तोंडं बंद करून घेतो. माझ्या भावाने आता आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, फवारणीची वेळ त्यावर आधी टाकतात. सगळेच टाकतात असं नाही.

यंदाचा मध मार्चमध्ये येईल. त्यातल्या लहान बाटल्या मी पेठकडच्या टोळीसाठी बाजूला काढते, सोबत मेणाच्या मलमाची एकेक डबी आणि रबरी हातमोज्यांची जोडी. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली असते: ओल्या हाताला लावा, धुवा, वरून तेल लावा, बाळाला चाटवू नका.